चैत्र-वैशाखातले उजनीचे पाणी, भीमेचे डोह आणि गळाची मासेमारी

डोहकाठ :
मंडळी, नमस्कार.

माझे आजोळ दौंडजवळ भीमेच्या काठी होते. आजोबांबरोबर बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगा घेऊन मी पहिल्यांदा नदीवर बसलो तेव्हा आठ वर्षांचा होतो. आता पुण्यात नोकरी करतो आणि गेली तीन वर्षे गुढीपाडव्यापासून पहिल्या वळवापर्यंत जमेल त्या रविवारी भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात गळ घेऊन जातो. विक्रीचा प्रश्नच नाही. घरी दोन वेळचे कालवण झाले की मला पुरते.

माझी अडचण अशी आहे की नदीवर शिकलेले जवळपास काहीच मला जलाशयावर उपयोगी पडत नाही. आजोबा सांगत, की उन्हाळ्यात तांबडे फुटायच्या आधी डोहावर बसावे, उन्हे वर आली की उठावे. उजनीवर नेमका उलटा अनुभव येतो. पहाटे पाच ते आठ तरंगा हलत नाही, आणि साडेनऊ-दहानंतर, वारा सुटला की चिलापी (तिलापिया मासा) ओढायला लागते. दुसरे म्हणजे, दोन वर्षांपूर्वी चैत्रात ज्या खडकाजवळ सकाळभरात अकरा मासे मिळाले, त्याच खडकावर मागच्या चैत्रात, त्याच सुमाराच्या तारखेला, एकही मिळाला नाही. पाणी मात्र दोन्ही वेळी तसेच हिरवे होते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वसंतात हे पाणी वाचायचे कसे? आणि या दिवसांत जलाशयावर जावे की वरच्या अंगाला नदीच्या डोहांवर?

करमाळ्याचा_वारा :
डोहकाठ, तुमच्या दुसऱ्या कोड्याचे उत्तर तारखेत मिळणार नाही. ते पाणीपातळीत आहे. उजनीवर येणाऱ्या माणसाने पंचांगाआधी धरणाचा रोजचा पातळीचा आकडा पाहायला हवा.

उजनीची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी 491.03 मीटर. म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) उपयुक्त साठा वरच्या जेमतेम 5.80 मीटर उंचीत मावलेला आहे. एवढे पाणी एवढ्या कमी उंचीत मावते, कारण ते उथळ आणि अफाट पसरलेले आहे. जिथे जमिनीचा उतार पाचशेला एक इतका मंद आहे, तिथे पातळी एक मीटर उतरली की काठ अर्धा किलोमीटर मागे सरकतो. तुमचा खडक दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या कडेला, दोन-अडीच मीटर खोलीवर असेल. मागच्या वर्षी त्याच तारखेला तो गुडघाभर पाण्यात असेल, किंवा याच्या उलटही असेल. खडक तोच असला तरी माशाच्या दृष्टीने ती जागा निराळी झाली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकते. बातमीत 'उजनी उणे 20 टक्के' असे येते, तेव्हा धरण कोरडे पडले असा समज होतो. शून्याखाली 63.66 टीएमसीचा मृत साठा असतो, आणि टक्केवारी मात्र उपयुक्त साठ्याची मोजतात. 2024च्या उन्हाळ्यात पाणी उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेले, तेव्हाही आत एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी होते. महाराष्ट्रातली कितीतरी धरणे तुडुंब भरली तरी एवढे पाणी साठवत नाहीत. त्या वर्षी मासे संपलेले नव्हते. ते जुन्या नदीपात्राच्या खोलगट भागात एकवटले होते, आणि काठावरून गळ टाकणाऱ्याचा हात तिथवर पोहोचत नव्हता.

रानपाखरू :
ऊस आणि केळीसाठी लावलेल्या मोटारी पाण्यामागे सरकवतात, तेही पाहत जा. मोटारी जिथून उठल्या तो पट्टा उथळ झाला असे खुशाल समजावे.

प्राणवायू_मोजणारा :
मी गोड्या पाण्याच्या तपासणीचे काम करत असे, म्हणून पहाटेच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात एका लिटरला सुमारे 9.1 मिलिग्रॅम मावतो. 30 अंशांना तोच साडेसातवर येतो. वैशाखात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात आणि पाण्यातला साठा मात्र आधीच कमी असतो.

त्यात उजनीचे पाणी हिरवे आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसच्या संगमावर भीमेत उतरते, आणि त्यातले नत्र व स्फुरद इथे येऊन शेवाळाचे खत होते. हे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र स्वतःच श्वास घेते आणि पाण्यातला प्राणवायू वापरते. त्यामुळे चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळ सूर्योदयाच्या थोडी आधी येते. डोहकाठ यांनी तरंगा टाकला तेव्हा खालचा मासा सुस्त पडलेला किंवा पृष्ठभागाशी तोंड उघडझाक करत असणार. नऊ-दहा वाजता ऊन आणि वारा दोन्ही कामाला लागतात, शेवाळ प्राणवायू सोडते, लाटा हवा मिसळतात आणि मासा खायला निघतो. तुमच्या आजोबांच्या काळची भीमा वाहती आणि बरीच नितळ असावी. तिथे पहाटेचा गारवा हाच माशाला सुखाचा होता. आजोबा चुकले नव्हते, नदी बदलली.

या सगळ्यावरून एक ठोकताळा निघतो. ज्या दिवशी रात्रभर वारा पडलेला असेल आणि आभाळ दाटलेले असेल, त्या दिवशी सकाळी जाऊच नये.

गळबहाद्दर :
प्राणवायूचे गणित मला पटते, पण ते अर्धेच आहे. मी सतरा वर्षे इंदापूरच्या बाजूने बसतो आहे. चिलापी फक्त श्वासावर चालत नाही, ती विणीवर चालते. पाणी तापले की नर उथळ गाळात थाळीएवढे खळगे करून राखत बसतात. त्या खळग्याजवळ काहीही पडले तरी नर ते तोंडाने उचलून बाहेर टाकतो किंवा त्यावर तुटून पडतो, म्हणून गळाला भराभर लागतो. मादी मात्र अंडी आणि पिले तोंडात सांभाळते आणि त्या दहा-बारा दिवसांत जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे एखाद्या आठवड्यात मोठमोठे काळपट नर मिळतात आणि मादीचे दर्शनही होत नाही. लोक म्हणतात पाणी खराब झाले. मादीचे तोंड पिलांनी भरलेले असते एवढेच.

पाणी झपाट्याने उतरले तर हे खळगे उघडे पडतात आणि नर पुढे सरकून नवे खळगे करतात. मी काठावरचे वाळलेले खळगे पाहतो, त्यांच्या रेषेवरून पाणी रोज किती सरकते याचा अंदाज बांधतो, आणि तेवढ्याच खोलीचे पाणी पुढे कुठे मिळेल ते शोधून तिथे गळ टाकतो. वीस-पंचवीस पावले इकडेतिकडे झाली तर दिवस वाया जातो.

माडावरून :
आमच्याकडे सिंधुदुर्गात 'गरवायला जाणे' म्हणतात. देशावर आमिष काय वापरता, हे कोणी लिहिलेच नाही.

गळबहाद्दर :
माडावरून, चिलापीला गांडूळ किंवा घट्ट मळलेली कणीक. कणकेत थोडा कापूस पिंजून घातला की ती गळावरून लवकर सुटत नाही. रोहू-मृगळाला शेंगदाणा पेंडीचा गोळा, तोही तळाशी, कारण मृगळ तळ चाळत खातो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी तरंगा ठेवून गळ उचलता ठेवावा लागतो. मरळीला जिवंत हालचाल हवी असते. वामीला गांडूळ, दगडांच्या कपारीत आणि संध्याकाळनंतर.

एरीकाठची_मराठी :
मी अमेरिकेत ओहायो राज्यात, एरी सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर राहते. वाचताना सारखे वाटत राहिले की 'वसंतातली मासेमारी' हे शब्द तेच असले, तरी दोन्हीकडे त्यांचा अर्थ अगदी वेगळा होतो.

इथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळते, नद्या भरतात, आणि वॉलाय नावाचा मासा अंडी घालायला सरोवरातून मॉमी नदीत वर चढतो. पाणी साधारण सहा ते अकरा अंशांवर आले की हे सुरू होते, आणि कमरेएवढ्या गार पाण्यात खांद्याला खांदा लावून माणसे उभी राहतात. म्हणजे इथे वसंत हा माशांच्या विणीचा आणि भरल्या नदीचा काळ आहे. आपल्याकडे नदी वसंतात आटते आणि मासा आषाढाची वाट पाहत डोहात थांबतो. इथल्या पुस्तकांतले 'वसंतात नदीवर जा' हे वाक्य उचलून आपल्याकडे लावले, तर सगळ्यात दुबळ्या क्षणी माशावर जाऊन पडण्यासारखे होईल.

इथला नियम मात्र घेण्याजोगा वाटतो. दिवसाला माणशी सहा वॉलाय, किमान लांबी पंधरा इंच, आणि मॉमीवर वसंतात गळ तोंडाबाहेर कुठे रुतला असेल तर तो मासा तिथल्या तिथे सोडून द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मला हे जाचक वाटले होते. आता नियम नसता तरी मी तसेच केले असते.

भोईवाडा :
मी वाचत होतो, लिहायचे की नाही ठरत नव्हते. एरीकाठच्या ताईंनी लिहिलेले वाचून लिहितो आहे.

आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी आहे. 1980 साली धरण पूर्ण झाले, आमच्या वाडवडिलांचे नदीचे घाट पाण्याखाली गेले आणि नदीवरचा भोई जलाशयावरचा झाला. सुरुवातीच्या वर्षांत कटला, रोहू, मृगळ, शिंगटा, वाम असे सगळे येत होते, असे वडील सांगतात. आज माझ्या जाळ्यात जे येते त्यात चिलापीच जास्त. चिलापी नसती तर आम्ही उपाशी राहिलो असतो, हेही मी मान्य करतो. महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्याची चिलापीची थाळी आमच्याच हातून जाते. पण एका माशावर एवढे मोठे पाणी चालावे, हे बरे लक्षण नव्हे.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती, चढती नदी लागते. म्हणून जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, सोडावी लागते. ज्या वर्षी मत्स्यबीज नीट सोडले जाते, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आम्हांला फरक कळतो. आणि ती बोटुकली हातभर व्हायच्या आत बारीक आसाच्या जाळ्याने, ज्याला इकडे वडाप म्हणतात, कोणी ओढून नेली, की पेरलेले बी कोवळ्या कोंबातच कापल्यासारखे होते. त्या बोटभर माशाला किलोला मिळतो तो भाव पाहिला की पोटात कालवते. तोच मासा दीड वर्षाने एकटा किलोचा झाला असता. उन्हाळ्यात पाणी आकसले की हे ओढणे सर्वांत सोपे होते, म्हणून चैत्र-वैशाख आम्हांला काळजीचे महिने वाटतात.

दुसरी नवी पीडा सकर माशाची. काचेच्या टाक्यांत शोभेला ठेवतात तो, दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखत असलेला. कोणीतरी तो नदीत सोडला आणि आता जाळे भरून येतो. त्याचे काटे जाळ्यात असे अडकतात की जाळे फाडून काढावे लागते, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. घरची टाकी नदीत रिकामी करणाऱ्यांनी एकदा आमच्या होडीत बसून ते जाळे सोडवून पाहावे.

गळ घेऊन येणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण जलाशयातल्या मासेमारीला परवाना असतो, हे आधी विचारून घ्या, आणि आमच्या लावलेल्या जाळ्यांच्या खुणांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या आणि डब्यांच्या ओळींवर, गळ फेकू नका.

डोहकाठ :
भोईवाडा दादा, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. परवान्याची चौकशी मी पहिल्या वर्षी केली नव्हती, ही माझी चूक होती. आता काठावरच्या मंडळींना विचारल्याशिवाय बसत नाही.

सुरयची_सखी :
पक्षी पाहणारी म्हणून एक विनंती. मार्च ते मे या काळात पाणी उतरले की मधली खडकाळ, वाळूची बेटे उघडी पडतात. त्यांवर नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या थेट जमिनीवर अंडी घालतात. घरटे असे काही नसतेच. दगडांसारख्याच रंगाची दोन-तीन अंडी पायाखाली आली तरी माणसाला कळत नाही. मासेमारीला चांगली जागा म्हणून लोक होडीने त्या बेटावर उतरतात, पक्षी उठतात, आणि वैशाखाच्या उन्हात अंडी अर्ध्या तासात भाजून निघतात. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागले, की तुम्ही घरट्यांच्या मध्ये उभे आहात असे समजा आणि आलात त्याच वाटेने परत फिरा.

आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. पायात तंगूस गुंडाळून पाय गमावलेली एक शेकाटी मी कुंभारगावला पाहिली आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात चालत चरतात, त्यांनाही हाच धोका.

नदीपात्र :
डोहकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे, म्हणजे जलाशय की डोह, याकडे अजून कोणी वळले नाही. माझे मत स्पष्ट आहे. चैत्र-वैशाखात गळ जलाशयात टाकावा आणि डोहाला हात लावू नये. कारण जरा मागे जाऊन सांगतो.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि 1839च्या सुमारास त्याने भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्याने बऱ्याच माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. शिंगटीचे शास्त्रीय नाव आजही 'मिस्टस सींगटी' आहे, घोगऱ्याचे 'रिटा गोग्रा', मळ्याचे 'गारा मुल्या'. आपल्या महासीराचे, म्हणजे खडशीचे, नाव 'तोर खुद्री', आणि त्याचा पहिला नमुना त्याने नोंदवला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून. ज्या नदीचे सांडपाणी वर प्राणवायू_मोजणारा यांनी वर्णन केले, त्याच नदीतून! आपल्या आजी-आजोबांचे शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रात कायमचे कोरले गेले आणि त्या शब्दांचे मासे मात्र आपल्या डोळ्यांदेखत नदीतून निघून चालले आहेत. मला ही गोष्ट फार लागते.

भोईवाडा यांनी कटला-रोहूबद्दल लिहिले ते बरोबरच आहे, पण तेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आहेत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुळ येथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावले, आणि त्यानंतर बोटुकली देशभर पोहोचणे शक्य झाले. चिलापी तर 1952 साली भारतात आणलेली, मूळची आफ्रिकेची. या सगळ्यांना माणूस पुन्हा सोडू शकतो. शिंगटी, घोगऱ्या, गुंगवारी, मळ्या यांची बोटुकली सहसा कोणी सोडत नाही. त्यांचे बी एकाच ठिकाणी शिल्लक असते, उन्हाळ्यात न आटणाऱ्या डोहात. भीमा, घोड, नीरा यांच्या पात्रात बंधाऱ्यांच्या मध्ये जे चार खोल डोह उरतात, त्यांत अख्ख्या नदीचे पुढच्या पावसाळ्याचे बियाणे कोंडलेले असते. तिथे वैशाखात दहा मासे काढले, तर ते दहाच राहत नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी धरत नाही, आणि तिथले महासीर आजही हातातला चुरमुरा खायला वर येतात.

गळबहाद्दर :
नदीपात्र, मी सहमत नाही. डोहात बॉम्ब लावणारे, विजेचा झटका देणारे, विष कालवणारे मोकळे आणि गळ घेऊन बसलेल्याला उपदेश, हे न्यायाचे नाही. गळाने डोह रिकामा होत नसतो.

नदीपात्र :
आपले म्हणणे योग्य आहे. बॉम्ब आणि वीज यांच्यापुढे गळ काहीच नाही. पण वीज लावणारा हा धागा वाचत नाही, आपण वाचतो. मी मागणे तुमच्याकडेच मागू शकतो.

गळबहाद्दर :
याला माझ्याकडे उत्तर नाही. यंदा डोहावर बसणार नाही.

पंढरीची_वाट :
धरणाच्या खालच्या अंगाबद्दल सांगतो. आमच्याकडे वसंतात नदीची स्थिती निसर्ग ठरवत नाही, आवर्तन ठरवते. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडतात, ते पंढरपूरवरून पुढे औज बंधाऱ्यापर्यंत जाते. कोरड्या पात्रात अचानक कमरेएवढे पाणी येते, आठ-दहा दिवस राहते आणि पुन्हा ओसरते. पाणी सोडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा हलतो, कारण साचलेल्या डबक्यांत ताजे पाणी मिसळते. पण पात्रात उतरून बसणाऱ्याने आवर्तनाची तारीख माहीत असल्याशिवाय उतरू नये. वाळूत झोपलेल्या माणसाला पाणी उठवायला येत नाही.

करमाळ्याचा_वारा :
धोक्याचा विषय निघालाच आहे, तर वाऱ्याचे सांगणे माझे कर्तव्य समजतो. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तो दिवस आमच्या काठावरचे कोणी विसरलेले नाही. उथळ, पसरट पाण्यावर वारा सुटला की लाट फार थोड्या वेळात उठते, आखूड आणि उभी असते, आणि सपाट तळाच्या होडीला ती मानवत नाही. वैशाखात दुपारी तीननंतर काळे आभाळ दिसले, तर मासा गळाला लागलेला असला तरी तंगूस तोडून काठ गाठावा. अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय कोणी होडीत बसू नये आणि बसवू नये.

काठावर बसणाऱ्यांनी मोटारींच्या केबली सांभाळाव्यात. पाणी मागे जाते तशा त्या ओल्या गाळातून पुढे ओढलेल्या असतात आणि कुठे सोललेल्या असतील सांगता येत नाही. पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या (गाळपेर) रानातून जाताना शेतकऱ्याला विचारावे, आणि भेगा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी खाली कंबरभर दलदल असू शकते, हे लक्षात ठेवावे.

माडावरून :
एक प्रश्न विचारतो, कोणी राग मानू नये. एवढे सांडपाणी येत असेल, तर हा मासा खावा का?

प्राणवायू_मोजणारा :
प्रश्न रास्त आहे. मी स्वतः खातो, पण निवडून. हिरव्या पाण्यात शेवाळावर वाढलेल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. तो वास ही विषाची खूण नसते. लिंबू-मीठ लावून ठेवले की बराच जातो. जड धातूंचे तसे नाही. ते तळाच्या गाळात साठतात आणि धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. म्हणून तळ चाळणारे मोठे, जुने मासे मी टाळतो, आतडी-यकृत वापरत नाही, आणि काठावर मासे मरून पडलेले दिसले तर त्या आठवड्यात घेतच नाही. खरा उपाय मासा न खाण्यात नाही, वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडण्यात आहे. पुण्यात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या मोरीचे पाणी शेवटी भोईवाडा यांच्या जाळ्यातून गाळले जाते.

भोईवाडा :
पहिल्या पावसाचे सांगायचे राहिले. मृगाचा पहिला मोठा पाऊस पुण्याकडे झाला की वर्षभर नाल्यांत साचलेली घाण एकदम खाली येते. त्या पाण्याने दरवर्षी कुठे ना कुठे मासा मरतो. पाणी काळे दिसले की आम्ही जाळी काढून घेतो. तुम्हीही गळ काढून घ्या.

डोहकाठ :
तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण सगळ्यांनी एवढे मनापासून सांगितले, त्याचे काय झाले हे कळवणे माझे काम आहे.

वैशाखाच्या पहिल्या रविवारी पळसदेवच्या अलीकडे गेलो. आधी तीन दिवस पातळीचे आकडे वहीत उतरवले होते. पहाटे मुद्दाम पोहोचलो आणि गळ न टाकता नुसता बसलो. पाणी आरशासारखे होते आणि काठापासून थोड्या अंतरावर लहान लहान तोंडे पृष्ठभागाला टेकून उघडझाक करत होती. गेली तीन वर्षे हे दृश्य माझ्यासमोर असले पाहिजे, पण मी फक्त तरंग्याकडे पाहत होतो. नऊच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या आल्या आणि तोंडे दिसेनाशी झाली.

गळबहाद्दर यांच्या सांगण्याप्रमाणे वाळलेल्या खळग्यांच्या रेषा शोधल्या. तीन रेषा सापडल्या, प्रत्येकीत साताठ पावलांचे अंतर. पाण्याच्या कडेपासून तेवढाच हिशेब करून पुढे गळ टाकला. साडेनऊ ते साडेअकरा या वेळात पाच चिलापी मिळाल्या, सगळे नर. पाचव्यानंतर थांबलो, कोणी सांगितले म्हणून नव्हे, कालवणाला तेवढे पुरेसे होते.

परतताना एक चूक केली, तीही सांगतो. मोह झाला म्हणून उरलेल्या गांडुळांसह वरच्या अंगाला एका डोहावर थांबलो. पहिल्याच फेकीत एक शिंगटी लागली, वीतभर, आणि पोट टच्च भरलेले. गळ सोडवताना तिचा काटा अंगठ्यात गेला आणि हात मनगटापर्यंत ठणकत राहिला. नदीपात्र यांची आठवण झाली. तिला ओल्या हाताने पाण्यात धरून ठेवले, ती शेपूट मारून खाली गेली, आणि मी काठी गुंडाळली.

नदीपात्र :
डोहकाठ, तुमचा अंगठा आता कसा आहे? शिंगटीच्या काट्यावर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. सूज राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

डोहकाठ :
दोन दिवसांत उतरला. आभारी आहे.

करमाळ्याचा_वारा :
डोहकाठ, तुमच्या वहीतले तीन दिवसांचे आकडे आणि खळग्यांमधले अंतर दोन्ही इथे लिहा. रोज किती सेंटिमीटर पाणी उतरले आणि काठ किती पावले सरकला, हे पळसदेवच्या बाजूचे आमच्याकडे कोणी मांडलेले नाही. मी केत्तूरच्या काठाचे माझे गेल्या वर्षीचे काढून ठेवतो, म्हणजे पुढच्या चैत्रात तुमचा खडक कोणत्या पातळीला किती खोल असतो ते आधीच सांगता येईल.